गल्ला आणि खेळ एकाच फोनवर नको

दारव्ह्याच्या बाजारात गाद्या-रजया भरणारे आमचे एक जुने स्नेही आहेत. लग्नसराई जवळ आली की त्यांचे पिंजणयंत्र रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. मागच्या हंगामात रुईचे पैसे चुकते करायला त्यांनी फोन काढला, तर खात्यात पैसेच नव्हते. आम्ही दोघांनी बसून व्यवहार पाहिले. तीन दिवसांत पाच वेळा रक्कम गेली होती: ३०० रुपये, १ हजार, अडीच हजार, ४ हजार ८०० आणि शेवटी १० हजार. एकूण १८ हजार ६०० रुपये. ही त्यांची सगळी पुंजी नव्हे, पण हंगामाच्या तोंडावर छोट्या कारागिराचे एवढे भांडवल अडकले, की अर्धा हंगाम हातचा जातो.

पैसे कोणी बाहेरच्याने काढले नव्हते. नववीत शिकणाऱ्या त्यांच्याच मुलाने पाठवले होते. दुकानाची ऑनलाइन देवघेव तोच पाहत असे, त्यामुळे पिन त्याला ठाऊक होता. तो ‘फ्री फायर मॅक्स’ हा खेळ खेळे. खेळातच भेटलेल्या एका अनोळखी इसमाने अर्ध्या भावात डायमंड देऊ केले आणि त्यासाठी आयडी व पासवर्ड मागितला. ३०० रुपये गेले आणि आयडीही गेला. मग दुसरा एक जण पुढे झाला, ‘आयडी परत मिळवून देतो’ म्हणाला. त्याची आधी फी, मग अनामत, मग तपासणीची रक्कम, आणि दर वेळी एकच आश्वासन, ‘हे सगळे पैसे परत मिळतील.’ मधेच त्याने फोनवर आलेला सहा अंकी कोड विचारला. मुलाने तो सांगितला आणि खेळ ज्या जीमेलला जोडलेला होता ते जीमेलही गेले. ते दुकानाचे जीमेल होते. गिऱ्हाइकांचे नंबर, ऑर्डरीचे फोटो, सगळे त्यातच.

बापाचा संताप झाला, मुलावर हातही उगारला गेला. पण तोवर मुलाने भीतीपोटी सगळे संदेश पुसून टाकले होते. दोन दिवसांनी तक्रार द्यायला गेले तेव्हा दाखवायला पुरावा काहीच नव्हता.

हा प्रकार आम्ही येथे मांडतो, तो त्या मुलाला नावे ठेवण्यासाठी नव्हे. आमचे म्हणणे मोठ्यांना आहे. ठोक भावापेक्षा निम्म्या दराने कोणी कापड, सायकल किंवा भंगार आणून दिले, तर आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘हा माल आणला कोठून?’ पावती नसेल तर त्याला हातही लावत नाही. तीच अक्कल मोबाईलमधल्या मालाला लावण्याची वेळ आली आहे. खेळातले नाणे हाही माल आहे, खेळाचा आयडी हेही एक प्रकारचे दुकान आहे, आणि दोन्हींना बाजाराचेच नियम लागू आहेत.

आमचीही एक कबुली

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. आमचे मोबाईल रिचार्जचे छोटे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील पुरवठादाराने फोन करून सांगितले, की खेळांचे डायमंड तीस टक्के कमी दराने देतो, तुम्ही गावात विका. मुले रोख पैसे घेऊन येत, आम्ही त्यांचा आयडी नंबर पुढे कळवत असू आणि डायमंड जमा होत. सुमारे दोन आठवडे हा धंदा छान चालला. मग एकेक पालक येऊ लागले. कोणाच्या खात्यातून डायमंड वजा होऊन शिल्लक उणेमध्ये गेली होती, तर कोणाचे खातेच बंद झाले होते.

चौकशी केल्यावर कळले ते असे. असा माल बहुधा चोरलेल्या कार्डावर खरेदी केलेला असतो. नाहीतर आधी विकत घेऊन, नाणी वापरून, मग खोटी तक्रार करून पैसे परत उकळलेले असतात. कंपनीच्या लक्षात आले की ती पुरवठादाराला शोधत बसत नाही, ज्याच्या खात्यात माल गेला त्याच्याकडून वसूल करते. चोरीचा माल ज्याच्या घरात सापडला त्याने भोगावे, तसाच हा न्याय.

आम्ही पैसे परत केले. पुरवठादाराचा फोन त्यानंतर लागला नाही. नुकसान सोसवले, पण गिऱ्हाइकासमोर खाली पाहावे लागले ते अजून आठवते. गावातला दुकानदार नावावर जगतो. आपल्यातील कितीतरी तरुण आज मोबाईल दुरुस्तीची आणि रिचार्जची दुकाने चालवतात. एखाद्या दिवशी पोलीस चोरीच्या कार्डाचा माग काढत आले, तर पुरवठादार हजार मैलांवर असेल आणि दुकानाची पाटी मात्र आपल्या नावाची असेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क आणि ६६-ड मध्ये दुसऱ्याची ओळख वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे यांना तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर तेथे किती चालेल, याचा विचार विक्रेत्याने आधीच करावा.

नाणे असते कोठे?

पुष्कळ पालकांना वाटते, की डायमंड किंवा यूसी मुलाच्या फोनमध्ये असतात. तसे नाही. बँकेतील शिल्लक जशी बँकेच्या खात्यात असते आणि पासबुकावर फक्त तिची नोंद दिसते, तशी खेळातील नाण्यांची शिल्लक कंपनीच्या संगणकात असते. फोन तिचा आकडा दाखवतो, इतकेच. पासबुकावर आपल्या पेनाने एक शून्य वाढवले म्हणून बँकेतील पैसे वाढत नाहीत. म्हणूनच ‘अमर्याद डायमंड देणारे अ‍ॅप’, ‘यूसी जनरेटर’, ‘हॅक केलेली आवृत्ती’ ही सर्व थाप आहे. असे अ‍ॅप आकडा वाढवू शकत नाही, पण फोनमध्ये शिरून संदेश वाचू शकते, पासवर्ड चोरू शकते. मुलाला हे एकदा पासबुकाच्या उदाहरणाने समजावून सांगितले, की तो सहसा विसरत नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. आयडी आपला आहे असे मूल म्हणते. प्रत्यक्षात तो कंपनीने वापरायला दिलेला असतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अटींत आयडी विकण्यास व दुसऱ्याला देण्यास मनाई असते. आपल्या बाजारात पगडीचा गाळा निदान जाणत्यांच्या साक्षीने हातबदल होतो. येथे तेवढाही आधार नाही. आयडी विकत घेणाऱ्याने पैसे मोजले, तरी मूळ मालक जुन्या ईमेलच्या जोरावर तो दुसऱ्या दिवशी परत घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला दाद मागायला जागा नाही, कारण सौदाच अटींविरुद्ध झालेला असतो.

दारव्ह्याच्या माणसाला हे समजणे अवघड जाऊ नये. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मोतीबाग स्टेशनवरून गेली. आपण तिला ‘आपली गाडी’ म्हणत असू, पण रूळ खाजगी कंपनीचे होते. आपल्याकडे होते ते फक्त तिकीट. गाडी थांबली तेव्हा कोणी आपल्याला विचारले नाही. खेळांचेही तसेच झाले. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मूळ फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. पैसे घालून सजवलेल्या आयडीचे पुढे काय होणार, हा घोर दर वेळी हजारो मुलांना लागला. म्हणून या खात्यात करमणुकीपुरते पैसे घालावेत. ठेव म्हणून घालू नयेत.

सरळ कमाईचे मार्ग

मग मुलाने नाणी मिळवूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. सरळ मार्ग आहेत, फक्त ते हळू आहेत.

पहिला मार्ग खेळण्याचा. रोजची कामे पुरी करणे, सणासुदीचे कार्यक्रम, हजेरीची बक्षिसे यांतून नाणी मिळतात. यात एक भेद ध्यानात घ्यावा. बहुतेक खेळांत दोन प्रकारची नाणी असतात. फ्री फायरमध्ये सोन्याची नाणी खेळून मिळतात, डायमंड मात्र मुख्यतः विकत घ्यावे लागतात. ‘खेळून रोज हजार डायमंड’ असे कोणी सांगितले, तर तो खोटे बोलतो.

दुसरा मार्ग कंपनीच्या कोडचा. फ्री फायरचे बारा किंवा सोळा अक्षरांचे कोड कंपनी स्वतः देते. ते तिच्याच अधिकृत बक्षीस पानावर भरायचे असतात, त्यांची मुदत असते आणि पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्ट खात्याने, खेळणाऱ्याला ते चालत नाहीत. बीजीएमआयचेही कोड कंपनीच्या अधिकृत पानावरच भरले जातात. कोड देण्याआधी जे पान पासवर्ड, ओटीपी किंवा बँकेचा नंबर विचारते, ते पान चोराचे.

तिसरा मार्ग खरेदीचा. पैसे देऊन घ्यायचेच असतील, तर खेळाच्या आतून किंवा कंपनीने जाहीर केलेल्या विक्रेत्याकडून पूर्ण भावाने घ्यावेत. आमचा सल्ला असा, की ईदी म्हणून द्यायचे शंभर-दोनशे रुपये प्ले स्टोअरच्या गिफ्ट कोडच्या रूपाने द्यावेत. जेवढ्याचा कोड तेवढाच खर्च; बँक खाते मधे येतच नाही. मुलालाही हिशेब कळतो, की शंभर रुपये एका दिवसात उडवले तर पुढच्या सणापर्यंत थांबावे लागते. गूगलच्या ‘ओपिनियन रिवॉर्ड्‌स’ या अ‍ॅपवर प्रश्नांची उत्तरे देऊन थोडी थोडी रक्कम प्ले खात्यात जमा होते, पण ते काम मोठ्या माणसाने आपल्या खात्यावर करावे आणि त्यातून फार अपेक्षा ठेवू नये.

खेळावर घर चालते काय?

हा प्रश्न आम्हाला तरुण मुले नेहमी विचारतात. उत्तर व्यापाऱ्याच्या भाषेत द्यायचे, तर या नाण्यांची आवक आहे, जावक नाही. रुपया आत जातो, डायमंड होतो. डायमंडाचा पुन्हा रुपया होत नाही. ज्या पेढीत पैसे भरता येतात पण काढता येत नाहीत, तिला कोणी गुंतवणूक म्हणत नाही.

जगात असे धंदे झाले नाहीत असे नाही. चीनमध्ये हजारो तरुण दिवसभर खेळून सोन्याची नाणी जमवत आणि अमेरिका-युरोपच्या खेळाडूंना विकत. मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये या कामात सुमारे ४ लाख लोक असल्याचा अंदाज मांडला होता. मजुरी तुटपुंजी, कामाचे तास लांब, आणि कंपनीने खाते बंद केले की महिन्याची मेहनत पाण्यात. पुढे ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ नावाचा खेळ आला. ‘खेळा आणि कमवा’ या घोषणेवर फिलिपाईन्समधील अनेक गरीब घरे त्यात उतरली. त्याच्या नाण्याचा भाव कोसळला, आणि मार्च २०२२ मध्ये त्याच्या तिजोरीवर ६० कोटी डॉलरहून मोठा दरोडा पडला. तिजोरीच्या काही किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या, एवढेच कारण.

स्पर्धांचा मार्ग सन्मानाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्‌सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. बीजीएमआयच्या २०२१ च्या पहिल्या मोठ्या अधिकृत स्पर्धेत एकूण १ कोटी रुपयांची बक्षिसे होती. पण आपल्या भागातील शंकरपट सर्वांनी पाहिला आहे. जोड्या पुष्कळ पळतात, बक्षीस मोजक्यांच्या घरी जाते, आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी त्याच बैलांनी वखर ओढावा लागतो.

एक मार्ग मात्र कारागिरांच्या घरी सांगण्यासारखा आहे, तो खेळण्याचा नसून बनवण्याचा. ‘रोब्लॉक्स’ नावाच्या मंचावर मुले स्वतः खेळ व पोशाखांचे नमुने तयार करतात, ते विकून ‘रोबक्स’ ही नाणी मिळवतात, आणि १३ वर्षांवरील निर्मात्याकडे कमावलेले किमान ३० हजार रोबक्स झाले, की कंपनीच्या अटी पाळून ते डॉलरमध्ये बदलून मागता येतात. ३० हजारांचे साधारण शंभर-सव्वाशे डॉलर होतात. म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. तेवढे जमवायला नवख्याला फार दिवस लागतात, कंपनी आपला हिस्सा आधी कापते, आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेली नाणी यात चालत नाहीत. तरीही येथे जे शिकले जाते ते हाताला राहते. जरीकाम, कशिदा, शिवणकाम करणाऱ्या घरातील मुलगी संगणकावर नमुना काढायला शिकली, तर तो नमुना उद्या खऱ्या ओढणीवरही उतरेल. कमाई असलीच तर ती कौशल्यात आहे. तासन्‌तास बोटे चालवण्यात नाही.

किल्ली कोणाच्या हाती?

आता राखणीचे बोलू. खेळाचा आयडी बहुधा जीमेल किंवा फेसबुक खात्याला जोडलेला असतो. म्हणजे दाराचे कुलूप खेळात नसून जीमेलमध्ये आहे. ते सैल असेल, तर खेळातला पासवर्ड कितीही कठीण ठेवून उपयोग नाही.

सर्वांत आधी दुकानाचे जीमेल आणि खेळाचे जीमेल वेगळे करावे. आमच्या गादीवाल्या स्नेह्यांचे खरे नुकसान १८ हजारांचे नव्हते, गिऱ्हाइकांच्या यादीचे होते. मुलाचे वेगळे खाते उघडून ते पालकाच्या खात्याशी कुटुंब म्हणून जोडता येते. मग मुलाची प्रत्येक खरेदी पालकाच्या मंजुरीवाचून होत नाही. मोठ्यांच्या फोनमध्येही प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख विचारण्याची सोय आहे. ती सुरू ठेवावी.

त्यानंतर दुहेरी कुलूप, ज्याला मुले ‘टू-स्टेप’ म्हणतात. ते लावले की पासवर्ड चोराला कळला तरी दुसरा कोड लागतो. गूगल अडचणीसाठी दहा कोड देते, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून दुकानाच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवावेत. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नयेत.

जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हेही पाहावे. आपल्याकडे स्वस्त योजना आली की सिम बदलण्याची सवय आहे. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जाऊ शकतो. मग आपल्या खात्याचे कोड त्याच्या फोनवर जातात. सिम सोडण्याआधी सगळीकडे नंबर बदलून घ्यावा. जुना फोन विकताना आधी त्यातून सर्व खाती बाहेर काढून मगच तो पूर्ण पुसावा. दुरुस्तीला आलेल्या फोनातील खाते न उघडणे ही आपल्या मोबाईल कारागिरांची अमानत आहे. ती जो सांभाळतो त्याच्याकडेच गाव जाते.

गेस्ट म्हणून खेळणाऱ्या मुलाला सांगावे, की तो आयडी त्या फोनपुरताच आहे. अ‍ॅप काढले किंवा फोन बिघडला, की महिन्यांची मेहनत जाते. तो लगेच स्वतःच्या खात्याला जोडून घ्यावा.

आणि सर्वांत मोठी खूण अशी: फ्री फायरसारख्या खेळात अधिकृत रीतीने डायमंड भरायला फक्त खेळाडूचा आयडी नंबर पुरतो. तो नंबर म्हणजे दुकानाचा पत्ता. पत्ता कोणालाही सांगावा. पासवर्ड आणि ओटीपी म्हणजे किल्ली. माल घरी पोहोचवायला पत्ता लागतो, किल्ली लागत नाही. किल्ली मागणारा माल आणणारा नव्हे. त्याचप्रमाणे यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

एवढे करून शेवटची गोष्ट गल्ल्याची. ज्या फोनवर दुकानाचे खाते आहे, तो खेळायला देऊ नये. दुसरा फोन घेणे परवडत नसेल, तर निदान दुकानाचे मुख्य खाते त्या फोनवरील यूपीआयला जोडू नये. रोजच्या फिरवाफिरवीपुरती रक्कम असलेले वेगळे खाते जोडावे. मुलगा दुकानात मदत करतो ही चांगली गोष्ट आहे, पण गल्ल्याची किल्ली नववीतल्या मुलाकडे आपण कधी देत होतो काय? मग पिन कसा दिला? घरी शिवणकाम किंवा बांगड्यांचा धंदा करणाऱ्या भगिनींचा फोन तर दिवसभर मुलांच्याच हातात असतो. त्यांनी हे अधिक जपावे.

जुगाराची सीमा

खेळाच्या आत ‘लकी स्पिन’ नावाचे चक्र असते. डायमंड टाकून चक्र फिरवायचे, काय निघेल ते ठाऊक नाही. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या वाचकांना हे परक्या देशाच्या नियामकाने सांगायला नको; न पाहिलेल्या मालाचा आंधळा सौदा आपल्या व्यापारात पूर्वीपासून वर्ज्य आहे. मुलाला वस्तू हवीच असेल, तर किंमत लिहिलेली वस्तू घेऊ द्यावी, चक्र फिरवू देऊ नये.

पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांबाबत तर कायद्यानेच रेघ ओढली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्‌स व करमणुकीचे खेळ मान्य आहेत. पैशांचे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. दुकानाच्या भिंतीवर अशा अ‍ॅपचे पोस्टर लावून कमिशन घेणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

नुकसान झालेच तर

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोराने पैसे पुढे सरकवण्याआधी ते गोठवले जाण्याची शक्यता असते. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, तारीख, वेळ, समोरच्याचा नंबर व संदेश यांचे फोटो काढून ठेवावेत. बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात गिऱ्हाइकाची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल तर त्याच्यावर भार नाही, असे म्हटले होते. पण पिन-पासवर्ड स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे दोन्ही बाजूंनी किंमत आहे ती लवकर कळवण्याला.

आणि लवकर कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मुलाने न घाबरता सांगणे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या जोगेश्वरी भागातील सोळा वर्षांच्या एका मुलाने पबजीचा आयडी व यूसी मिळवण्याच्या नादात आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये घालवले. आई-वडील रागावले तेव्हा तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीत शोधून घरी आणले, हे नशीब. त्याच वर्षी छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात बारा वर्षांच्या मुलाच्या फ्री फायरवरील खरेदीत आईचे सुमारे ३ लाख २२ हजार रुपये गेले, तेही २७८ व्यवहारांत, तीन महिन्यांत. तीन महिने कोणी खात्याकडे पाहिले नाही. रोज रात्री रोजमेळ लिहिणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या दुकानात हे घडले असते काय?

गादीवाले स्नेही आता रोज रात्री दुकान वाढवण्याआधी मुलाला शेजारी बसवून दिवसाचे ऑनलाइन व्यवहार वहीत उतरवतात. पिन त्यांनी बदलला आहे आणि तो स्वतः पाठ केला आहे. मुलगा अजूनही खेळतो, नव्या आयडीवर, आईच्या जुन्या फोनवर, ज्यात बँकेचे खाते नाही. रुईवाल्याची बाकी त्यांनी दोन हप्त्यांत फेडली. व्यापारी बंधूंना आमची विनंती एवढीच, की हा शहाणपणा १८ हजार ६०० रुपये मोजण्याआधी घ्यावा. आज रात्री हिशेब लिहायला बसाल, तेव्हा मुलाला जवळ बोलवा, आणि रागावण्याआधी त्याला विचारा, ‘बेटा, तुझा आयडी कोणत्या जीमेलला जोडला आहे?’